'वर्षभर थांबू' म्हणण्याआधी गोळ्यांचं पाकीट उलटून बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३८ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी. लग्न उशिरा, दोन वर्षांपूर्वी झालं. यजमान ४२ वर्षांचे, तेही बँकेतच, पण बदलीमुळे नागपूरला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी घरी येतात. सात-आठ महिने झाले, आम्ही काही 'काळजी' घेत नाही, तरी दिवस राहिले नाहीत. मला थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आहे आणि वर्षभरापासून बीपीची. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज) १.२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ४.६ आलं. मैत्रीण म्हणते, वेळ घालवू नकोस, सरळ आयव्हीएफ कर. यजमान म्हणतात, वर्षभरात बदली होईल, फ्लॅटचा ताबा मिळेल, मग बघू. त्यांची तपासणी केलेली नाही, तब्येत उत्तम आहे, तंबाखू तेवढी मळतात. सासूबाईंना धास्ती आहे की या वयात मूल व्यंग घेऊन जन्माला आलं तर? माझं माहेर तालुक्याच्या गावी, पहिलं बाळंतपण तिथेच व्हावं असं आईला वाटतं. काय करू?

उत्तर:

ताई, तुम्ही एएमएचबद्दल विचारलंत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट बीपीची गोळी आहे. नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पाकीट उलटं करा. पुढे कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, मागे चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव. ते 'सार्टन'ने संपत असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन) किंवा 'प्रिल'ने (रॅमिप्रिल, एनालाप्रिल), तर ती गोळी गरोदरपणात चालत नाही. चौथ्या महिन्यापासून पुढे ती बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करते, बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. आपल्याकडे टेल्मिसार्टन इतकं सर्रास दिलं जातं की तुमचीही गोळी तीच असण्याची शक्यता बरीच आहे. काळजी न घेता सात-आठ महिने गेले आहेत, म्हणून हे आधी.

पण गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपी उसळेल. या आठवड्यात डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'आम्ही मुलाचा विचार करतोय, गोळी बदलून द्या.' लॅबेटॅलॉल, निफेडिपिनचा सावकाश विरघळणारा प्रकार आणि मिथाइलडोपा ही गरोदरपणात वापरली जाणारी औषधं आहेत. गोळी बदलून बीपी १४०/९० च्या खाली स्थिरावेपर्यंत निरोध वापरा. पाळी आत्ताच लांबली असेल, तर आधी घरी लघवीची चाचणी करा. ती पॉझिटिव्ह आली आणि तुम्ही 'सार्टन' घेत असाल, तर घाबरू नका. पहिल्या काही आठवड्यांत ओळखून गोळी बदलली, तर बहुतेक वेळा बाळाला अपाय होत नाही. फक्त त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कोलेस्टेरॉलची 'स्टॅटिन' असेल तर तीही सांगा. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, सांध्यांसाठीचं मेथोट्रेक्सेट यांपैकी काही घेणाऱ्या वाचकांनीही दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं.

गोळी बदलताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन एकदा मोजून ठेवा. पुढे सातव्या महिन्यात लघवीत प्रोटीन दिसलं, तर ते आधीपासून होतं की गरोदरपणात बीपीने उचल खाल्ली म्हणून आलं, हे डॉक्टरांना या जुन्या रिपोर्टवरूनच कळतं. बीपी घरीही मोजा. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

आता यजमानांच्या 'वर्षभर थांबू'बद्दल. फ्लॅटचा ताबा आणि बदली या दोन्ही गोष्टी पुढे ढकलल्या तरी तशाच राहतात. स्त्रीबीजांचं तसं नाही. बाई जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात दहा-वीस लाख बीजं असतात, त्यात पुढे एकाचीही भर पडत नाही. म्हणजे तुमची बीजंही ३८ वर्षांचीच आहेत. वय वाढतं तशी बीज पक्व होताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. दिवस राहायला वेळ लागणं, गर्भपात आणि डाउन सिंड्रोम (बाळात एक गुणसूत्र जास्त असणं) या तिन्हींच्या मुळाशी बव्हंशी हेच कारण असतं. पस्तिशीनंतर हा उतार दर वर्षी अधिक तीव्र होतो, त्यामुळे ३८ ते ३९ हे वर्ष २८ ते २९ इतकं स्वस्त नाही. यजमानांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तयारीसाठी वर्ष लागत नाही, सहा ते आठ आठवडे पुरतात. माझं मत विचाराल तर थांबू नका.

त्या सहा-आठ आठवड्यांत काय करायचं? आज संध्याकाळपासून फॉलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. दुकानात मात्र अनेकदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात, म्हणजे बारापटीहून जास्त. मधुमेह, फिटची औषधं, खूप जास्त वजन किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर मोठा डोस देतात. तुम्हाला कोणता, ते डॉक्टर लिहून देतील. गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी मिटते, आणि तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. दुसरा महिना सरल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात गेलं की फॉलिक ॲसिडचं हे काम करायची वेळ निघून गेलेली असते. शाकाहारी असाल तर बी-१२ पण तपासा, कारण नुसत्या फॉलिकने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी-१२ ची कमतरता झाकली जाते.

टीएसएच ४.६ हे एरवी फार वाईट नाही, पण दिवस राहण्याआधी ते २.५ च्या खाली हवं. डॉक्टर डोस थोडा वाढवतील, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतील. गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहाच्या किमान अर्धा तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही आणि दोष डोसवर येतो. डॉक्टरांकडून आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून घ्या. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवसापासून डोस किती वाढवायचा? साधारण आठवड्याला सात गोळ्यांच्या नऊ करतात. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिले काही महिने काम करत नाही, तोवर ते तुमच्यावरच अवलंबून असतं.

रक्त काढणारच आहात तर सोबत हिमोग्लोबिन, रक्तगट, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी, रुबेलाची प्रतिकारशक्ती आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी सांगा. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन एक महिना थांबावं लागतं, तो महिना याच तयारीच्या काळात बसवा. एचपीएलसीने थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक कळतात. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांत सिकलसेल, तर सिंधी, लोहाणा समाजात थॅलेसेमिया जास्त आढळतो, पण 'आमच्यात नाही' असं कुणीच गृहीत धरू नये. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणूनच कळत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. किडके दात आणि सुजलेल्या हिरड्याही आत्ताच दाखवून घ्या.

आता तुमच्या सात-आठ महिन्यांचा हिशेब. स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तासच जगतं. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढे सहाच दिवस कामाचे. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. २८ दिवसांच्या चक्रात चौदाव्या दिवशी, ३२ च्या चक्रात अठराव्या दिवशी. आता मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढा. एका रंगाने पाळीचे पहिले दिवस, दुसऱ्या रंगाने यजमान घरी होते ते दिवस. तुमची पाळी २८ दिवसांची असेल आणि ते दर चौदा दिवसांनी येत असतील, तर एक खोच लक्षात येईल. एकदा त्यांचं येणं तिसऱ्या आणि सतराव्या दिवशी पडलं की पुढच्या महिन्यातही तिसऱ्या आणि सतराव्यालाच पडतं. पाच शनिवारांचा महिना येऊन हे गणित सरकेपर्यंत प्रत्येक वेळी बीज सुटून तीन दिवस झालेले असतात. सात-आठ महिन्यांत खरे प्रयत्न कदाचित दोनच झाले असतील. 'राहत नाही' म्हणण्याआधी हे मोजायलाच हवं.

त्यामुळे सहा महिने सुट्ट्यांची आखणी पाळीवरून करा, शनिवारांवरून नाही. २८ च्या चक्रात दहाव्या ते पंधराव्या दिवसात त्यांनी रजा टाकून यावं किंवा तुम्ही नागपूर गाठावं. एक दिवसाआड संबंध पुरे, रोजची सक्ती केली की दोघांनाही ती परीक्षा वाटू लागते. मोबाइलमधली ॲप्स फक्त मागच्या तारखांची सरासरी सांगतात. त्यापेक्षा दुकानात मिळणारी ओव्हुलेशन किट दहाव्या दिवसापासून वापरा. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद झाली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. संबंधानंतर पाय वर करून झोपण्याचा काही उपयोग नाही. वंगण म्हणून क्रीम-तेल मात्र टाळा, शुक्रजंतूंची हालचाल मंदावते.

आणि यजमानांची तपासणी? पत्रात तुमच्या तपासणीचे दोन आकडे आहेत, त्यांच्या तपासणीचा एकही नाही. मूल होण्यात अडचण येते त्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं, आणि तब्येत उत्तम असण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. वीर्यतपासणी स्वस्त आहे, सुई टोचत नाही, म्हणून तीच सगळ्यात आधी व्हायला हवी. आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून नमुना द्यायचा. घरून नेणार असाल तर तासाभरात, खिशात अंगाच्या उबेला ठेवून लॅबमध्ये पोचवायचा. साध्या निरोधातून आणलेला नमुना चालत नाही. रिपोर्टमध्ये एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, ४२ टक्के हलणारे आणि ४ टक्के नेटक्या आकाराचे, या किमान रेषा आहेत. '४ टक्के' वाचून हादरू नका, तेवढेच लागतात. रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायचा, एका रिपोर्टवर निष्कर्ष काढायचा नाही. तंबाखू मात्र आजच सुटायला हवी. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा तीन महिन्यांनी दिसणार.

एएमएचचं म्हणाल तर १.२ हा या वयाला घाबरण्याचा आकडा नाही. अंडाशयात बीजं साधारण किती शिल्लक आहेत, एवढाच अंदाज त्यातून मिळतो. बीजं कशी आहेत, ते कळत नाही. महिन्याला एकच बीज लागतं, त्यामुळे हा आकडा कमी असलेल्या बायकांनाही नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. आयव्हीएफ करायची वेळ आली तर इंजेक्शनांचा डोस ठरवायला तो कामी येतो. 'वय झालंय म्हणून आयव्हीएफ' यातही एक गैरसमज आहे. आयव्हीएफमध्ये वापरतात ती बीजंही तुमचीच, ३८ वर्षांची. बीजवाहक नळ्या बंद असतील किंवा शुक्रजंतू फार कमी असतील, तर ते खरंच वरदान आहे. पण वय मागे नेण्याचं काम त्याने होत नाही.

याचा अर्थ डॉक्टरांकडे उशिरा जा असा नाही. पस्तिशीनंतर सहा महिने नीट प्रयत्न करून यश आलं नाही तर तपासणी, आणि चाळिशीनंतर पहिल्या दिवसापासूनच. तुमच्या बाबतीत वीर्यतपासणी आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून केलेली सोनोग्राफी आत्ताच करून घ्या. गर्भाशयाच्या पोकळीत घुसलेली फायब्रॉइडची गाठ असेल तर तीही कळेल. सहा पाळ्या नेमक्या दिवसांत प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर नळ्यांचा एक्स-रे करा. आपल्याकडे गर्भाशयाच्या क्षयामुळे नळ्या बंद झालेल्या आढळतात, आणि त्याचा पत्ता बाईला अनेकदा नसतो. त्यानंतर मात्र 'अजून थोडं बघू' करत वर्ष घालवू नका.

सासूबाईंची भीती टवाळीने उडवून लावण्यासारखी नाही, त्यांना आकडे सांगा. डाउन सिंड्रोमची शक्यता आईच्या पस्तिसाव्या वर्षी साधारण ३५० त एक, चाळिसाव्या वर्षी १०० त एक. म्हणजे चाळिसाव्या वर्षीही शंभरातल्या ९९ बाळांना तो नसतो. गर्भपाताचं प्रमाण मात्र खरंच जास्त आहे. ३५ ते ३९ या वयात दर चार-पाच गर्भधारणांमागे एक. तसं झालंच तर स्कूटर चालवली, पपई खाल्ली, बादली उचलली, असं कुणी म्हणालं तरी ऐकून घेऊ नका. सुरुवातीचे निम्म्याहून अधिक गर्भपात गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, ते कुणाच्या हातात नसतं.

तपासण्यांच्या तारखा घट्ट असतात, म्हणून आधीच मांडून ठेवा (आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे). सहा ते आठ आठवड्यांत पहिली सोनोग्राफी, म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे ना आणि तारीख बरोबर ना, हे कळतं. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी). हे दिवस चुकले की ती संधी परत येत नाही. एनआयपीटी ही रक्ताची तपासणी दहाव्या आठवड्यापासून होते. महाग आहे, पण डाउन सिंड्रोमसाठी डबल मार्करपेक्षा बरीच नेमकी. तरीही ती चाळणीच आहे. पॉझिटिव्ह आली तर १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासून खात्री करावीच लागते. निगेटिव्ह आली तरी १८ ते २० आठवड्यांचा ॲनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी) टाळता येत नाही, कारण हृदय आणि मणका रक्तातून दिसत नाहीत. कायद्याचंही घड्याळ आहे. गर्भपाताचा निर्णय २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने घेता येतो, २० ते २४ मध्ये ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टर लागतात, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. गर्भजलाचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीच्या तारखा पाळायच्या. यातल्या कुठल्याच तपासणीतून मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, कुणी सांगायचंही नाही, तो गुन्हा आहे.

तुम्हाला आधीपासून बीपी असल्यामुळे बाराव्या आठवड्यापासून रात्री झोपताना ॲस्पिरिनचा छोटा डोस (७५ ते १५० मिलिग्रॅम) द्यायचा का, हे पहिल्याच भेटीत विचारा. गरोदरपणात बीपी भडकून वारेचा रक्तपुरवठा बिघडतो, तो धोका याने कमी होतो. पण गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते. साखरेची चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. खर्चाची अडचण असलेल्या वाचकांसाठी सांगते, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ही तपासणी मोफत होते.

बाळंतपणाचं म्हणाल तर वय एवढ्या एकाच कारणासाठी सिझर करावं लागत नाही. पण बीपी असताना तारीख उलटू देत नाहीत, बहुधा ३७ ते ३९ आठवड्यांत कळा सुरू करतात. त्यामुळे हॉस्पिटल निवडताना तीन गोष्टी विचारा. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणतात? नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का? माहेरच्या तालुक्यात याची उत्तरं समाधानकारक नसतील, तर पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज या खेपेला उलटा करा. आईलाच नाशिकला बोलवा, तिसाव्या आठवड्यापासून. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी होणं, बीपी १६०/११० किंवा वर, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा, म्हणजे यजमान नागपूरला असले तरी घरात आई आणि सासूबाई दोघींना ठाऊक असेल.